कात्रीकाकांचं खोटं कार्ड

माणसाला टोपणनाव पडतं ते बहुतेक वेळा त्याच्या खोडीवरून. कात्रीकाकांना ते कामावरून पडलं. नखं कापायच्या कात्रीपेक्षाही लहान, टोकाला जराशी वाकलेली एक कात्री कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची आणि तिने ते सापाच्या पिल्लांच्या पोटावरचे खवले कापायचे. दचकू नका, इजा करायला नव्हे! ओळख राहावी म्हणून. शेपटी सुरू होते तिथून वर मोजत जायचं आणि ठरलेल्या खवल्यांचा इवलासा कोपरा उडवायचा. डावीकडची खूण आईबापांची, उजवीकडची पिल्लाची स्वतःची. साप शंभर वेळा कात टाको, तो व्रण जात नाही. म्हणजे एकदा काकांची कात्री चालली की सापाची सगळी कुळकथा मरेपर्यंत त्याच्या पोटावर.

आणि दुसरी कुळकथा कार्डावर. सर्पालयाच्या मागच्या इमारतीत तीन खोल्या होत्या. एक मोठ्या सापांची, एक पिल्लांची आणि मधली चिंचोळी, अंडी उबवायची. त्या मधल्या खोलीत भिंतीला लागून एक लाकडी कपाट होतं, त्याचे चोवीस कप्पे, आणि कप्प्यांत तीन हजारांवर कार्डं. प्रत्येक जन्मलेल्या जिवाचं एक. कधी जन्मला, कुणापासून, वजन किती, कधी मेला, कशाने मेला. अक्षर मोत्यासारखं. लोक म्हणायचे, काकांचं कार्ड म्हणजे दगडावरची रेघ. काकांना ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार? बत्तीस वर्षं माणूस एका खोलीत मान मोडून बसला, त्याला तेवढं तरी आवडावं की नाही?

त्या तीन हजारांत एक कार्ड खोटं होतं. तीच ही गोष्ट.

पण आधी साप सांगायला हवेत. काका पंचविशीत होते तेव्हा गावाबाहेरचं मोठं तळं बुजवून तिथे वखारी बांधायचं ठरलं. त्या तळ्यात एक तपकिरी, बिनविषारी साप होता, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिवळी रेघ असलेला. तो त्या तळ्यात होता आणि जगात दुसरीकडे कुठे नव्हता. मातीच्या गाड्या एका काठाने रिकाम्या होत होत्या आणि दुसऱ्या काठाला काका चिखलात कंबरभर उभे राहून हात घालत होते. चार दिवसांत तीन मिळाले. एक नर, दोन माद्या. पाचव्या दिवशी तळं उरलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी बावीस अंडी झाली, त्यातून बावीस पिल्लं. काकांचे पाय जमिनीवर नव्हते. ओळखीच्या, अनोळखी, दिसेल त्याला धरून ते हा आकडा सांगायचे. पिल्लं मोठी झाली. आता त्यांची जोडी लावायची, तर कुणाशी? बाहेरचं स्थळ आणायचं कुठून? सगळी एका बापाची. मग लावली भावाची बहिणीशी. पुढच्या पिढीत तेच, त्याच्या पुढच्या पिढीत तेच. बावीसची पंधरा झाली, पंधराची नऊ. अंडी कसली ती, निम्मी पिवळट, मेणासारखी मऊ, आत काहीच नाही. जी भरलेली निघत त्यांत एखादं पिल्लू एका डोळ्याचं, एखाद्याच्या पाठीला गाठ, एखादं अंडं फाडायचंही बळ नसलेलं. काका कार्डावर लिहायचे आणि कप्पा बंद करायचे.

तेव्हाचे जे मोठे साहेब होते त्यांचा नियम साधा होता. वाकडं पिल्लू ठेवायचं नाही. त्याची खूण कापायची नाही, वजन करायचं नाही, डबीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. वाकडं मोठं झालं तर वाकडीच पिल्लं देणार, हे काकांनाही पटायचं. डोक्याला पटायचं. हात मात्र दर वेळी डबीचं झाकण लावताना चुकायचा.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पिल्लू बाहेर आलं, चांगलं चपळ, डोळे दोन्ही शाबूत, पिवळी रेघ झळझळीत. फक्त शेपटी, टोकापासून बोटभर अंतरावर, डावीकडे मोडल्यासारखी वळलेली. काकांनी डबी घेतली, पिल्लू आत ठेवलं आणि ती डबी फ्रीझरमध्ये न जाता त्यांच्या पिशवीतून घरी गेली. घरी काकू होत्या. काकूंच्या पाठीला लहानपणापासून बाक होता, उजवा खांदा डाव्याच्या वर. त्यांनी डबी उघडून पाहिली.

"याला मारणार?"

"नियम आहे."

"वाकडं असणं एवढा मोठा गुन्हा असता, तर अहो, तुम्हाला दोन वेळचं जेवण कोण वाढत होतं?" काकू हसत म्हणाल्या. त्या नेहमी असंच हसत बोलायच्या, त्यामुळे उत्तर देणं फार कठीण जायचं.

दोन गल्ल्या पलीकडे एक मास्तर राहायचे, शाळेतून नुकतेच मोकळे झालेले, घरात काचेच्या पेट्यांत मासे आणि बेडूक पाळणारे. काकांनी पिल्लू त्यांना दिलं. घरातच ठेवायचं, कुणी विचारलं तर ओढ्यात सापडलं म्हणायचं, शेपटीचं विचारलं तर दार लागलं म्हणायचं. मास्तरांनी शब्द दिला. पुढे ते मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि डबीतला तो जीव काकांच्या मनातून गेला. कार्डावर त्यांनी त्याच दिवशी लिहून टाकलं होतं: मेला. कारण: जन्मजात वाकडेपणा.

आता आजच्यावर येऊ.

तीन वर्षांपूर्वी सर्पालयात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, बोलायला तिखट, पण काकांची कार्डं पाहून त्यांनी हातच जोडले. "काका, तुमची कार्डं नसती तर मी इथे आंधळी होते," असं त्या म्हणाल्या आणि काका दोन दिवस हवेत होते. बाईंनीच एका सकाळी त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. काचेखाली कळपात जोडीला लावण्याजोग्या उरलेल्या शेवटच्या नराचं बीज होतं. काकांना वाटलं होतं वळवळ दिसेल. दिसलं ते असं: कुणाची शेपूट दुमडलेली, कुणाला दोन डोकी, आणि सगळे जागच्या जागी पडलेले.

"एकही हलत नाहीये, बाई."

"तेच दाखवायचं होतं. अंडी पोकळ निघतात ती मादीमुळे नाही, काका. आपण आतल्या आत जोड्या लावून लावून हे करून ठेवलंय."

आपण म्हणाल्या त्या. त्या तर परवा आल्या होत्या. करणारे काकाच होते.

तो नर त्याच थंडीत गेला. उरली धाकटी. अकरा वर्षांची, अंडी धरू शकेल अशी एकुलती एक मादी. बाकी सहा म्हातारे साप, कामातून गेलेले. धाकटीचाही हा शेवटचाच हंगाम, हे पोटावरून बोट फिरवलं की काकांना कळत होतं. बाईंनी तोड काढली. दूरच्या एका नदीत या सापाचा चुलतभाऊ म्हणावा असा साप होता. तिथल्या संस्थेकडे तगडा नर होता आणि एका हंगामापुरता तो द्यायला ते तयार होते.

"पिल्लं शुद्ध तळ्यातली नसतील," बाई म्हणाल्या, "पण असतील."

काकांनी मान डोलावली. मनातून मात्र त्यांना ते बिलकूल रुचलं नव्हतं. नदीचा साप अंगाने हिरवट, पिवळ्या रेघेचा पत्ता नाही. चिखलात उभं राहून जे वाचवलं त्यात हा कुठला कोण येऊन मिसळणार? घरी काकूंपाशी ते धुमसले. काकू म्हणाल्या, "मुलीकडच्यांनी फार नखरे करू नयेत हो, वय झालंय तिचं." आणि काका रागावूनही हसले.

बाईंनी त्याच वेळी सगळीकडे पत्रंही पाठवली होती, पिवळ्या रेघेचा तपकिरी साप कुणाकडे आहे का म्हणून. आणि एका दुपारी फाटकातून मास्तर आत आले. वाळलेले, काठी टेकत, काखेत कापडी पिशवी. काकांनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि ते घाईने बाहेर आले.

"ओढ्यात सापडला हो," मास्तर बाईंना सांगत होते. "बारा वर्षं झाली. आणि शेपटीवर एकदा दार बसलं, तेव्हापासून अशी." दोन्ही वाक्यं काकांनीच त्यांना शिकवलेली. मास्तरांनी काकांकडे बघून हळूच डोळा मिचकावला. बिचाऱ्यांना वाटत होतं, आपण जुन्या उपकाराची फेड करतोय. नर कमी पडतोय ना, घ्या तुमचा नर! बाहेरचं रक्त आणि घरचं रक्त, यातलं त्यांना काय कळणार?

बाईंनी साप उलटा धरून पोट पाहिलं. एकेक खवला मोजला. एकाचाही कोपरा कापलेला नव्हता.

"काका, पोट कोरं आहे!" त्यांचा आवाज चढला होता. "आपला असता तर खूण असती. हा बाहेरचा आहे. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात काही राहिले असणार. काका, बाहेरचा आहे हा!"

वाकड्या पिल्लाची खूण कापत नाहीत, हे त्यांना सांगायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. तो नियम मोठ्या साहेबांबरोबर गेला होता. बाईंनी शेपटीवर बोट फिरवलं आणि जराशा थांबल्या.

"हे जन्माचं की इजा? एक्स-रे काढू या का?"

बत्तीस वर्षांत शेकडो वाकड्या शेपट्या काकांच्या बोटांखालून गेल्या होत्या. डोळे मिटूनही सांगितलं असतं. काकांनी साप हातात घेतला, उगाच चाचपल्यासारखं केलं. खरं सांगावं तर कार्ड खोटं ठरतं, आणि एक खोटं तर मग बाकीच्या तीन हजारांचं काय? खरं सांगावं तर उद्या तो हिरवट नदीवाला येतो. आणि कुणी सांगावं, एवढी वर्षं बाहेर वाढलाय, धडधाकट आहे, लागेलही गुण! माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की कारणांना काय तोटा?

"इजा," काका म्हणाले. "दाराचीच आहे. कशाला एक्स-रेचा त्रास द्यायचा त्याला."

बाईंनी तिथेच फोन लावला. "नाही, नर नको आता. आम्हाला आमचाच मिळाला. हो, शुद्ध! तुम्ही दुसऱ्या कुणाला देत असाल तर द्या." काका समोर उभे होते.

सर्पालयात त्या नराला सगळे पाहुणा म्हणू लागले. काकाही म्हणायचे. त्याची आणि धाकटीची गाठ घालून दिली तेव्हा काकांना कार्ड बघायचीही गरज नव्हती. एकाच आईबापांची दोघं, एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली. पाहुण्याने धाकटीच्या पाठीवर हनुवटी घासली, दोघं तासभर एकमेकांत गुंतून राहिली. बाईंनी काचेआडून टाळ्या वाजवल्या. काका "पाणी बदलून येतो" म्हणून बाहेर गेले आणि पंपापाशी रिकामी बादली घेऊन किती तरी वेळ उभे राहिले.

धाकटीने नऊ अंडी घातली आणि दोन पोटात अडकली. तिसऱ्या दिवशी बाईंनी ऑपरेशन केलं. धाकटी वाचली, पण अंडनळी काढून टाकावी लागली. शेवटचा हंगाम म्हणजे आता खरोखरच शेवटचा.

दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यांना बॅटरी दाखवली. भरल्या अंड्यात उजेडाला लाल दोऱ्यांचं जाळं दिसतं. पहिलं अंडं नुसतं पिवळं. दुसरं, तिसरं, चौथं तसंच. सातवं आणि नववं, एवढ्या दोनांत दोरे होते. पुढचे दोन महिने काकांचा जीव टांगणीला लागलेला. जेवणावरची वासना उडाली. काकूंनी एकदा हसत हसत टोमणा मारून पाहिला, एकदा रागावून पाहिलं, मग त्यांनी नुसतं ताट झाकून ठेवायला सुरुवात केली.

सातवं अंडं काळं पडलं. नवव्याला एका सकाळी चीर गेली, नाक बाहेर आलं, आणि दुपारपर्यंत सगळं पिल्लू. बाई आधी आनंदाने ओरडल्याच. मग त्यांनी ते तळहातावर घेतलं. एक डोळा नव्हता, त्या जागी सपाट खवला. आणि शेपटी, टोकापासून बोटभर अंतरावर, डावीकडे मोडल्यासारखी.

बाई पिल्लू घेऊन उठल्या. शेजारच्या खोलीत जाऊन पाहुण्याच्या पेटीसमोर उभ्या राहिल्या. एकदा हातातल्या शेपटीकडे पाहिलं, एकदा काचेपलीकडच्या.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "दार लागलेली शेपटी पिल्लाला येते का हो?"

काकांनी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. डबी, पिशवी, काकू, मास्तर, कार्ड. सांगताना त्यांना वाटत होतं, बाई ओरडतील, मग बरं वाटेल. बाई ओरडल्या नाहीत.

"नदीचा नर मी नको म्हणून कळवला."

"हो."

"तुम्ही समोर उभे होतात."

"हो, बाई."

"ते कार्ड..." त्यांनी पिल्लू जपून दुसऱ्या तळहातावर घेतलं. "त्याचा मला राग नाही, काका. एवढंसं पिल्लू, मीही कदाचित तेच केलं असतं. पण मी तुम्हाला विचारलं होतं ना? समोरासमोर विचारलं होतं."

काकांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

घरी काकूंनी ऐकलं आणि त्या पहिल्यांदाच न हसता बोलल्या. "म्हणजे माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे ते जगलं गं," काका म्हणाले. "खोटं मी बोललो."

नदीवाल्या संस्थेला बाईंनी पुन्हा फोन केला नाही. करून उपयोग काय, धाकटीच रिकामी झाली होती. काकांवर कुणी चौकशी बसवली नाही, नोकरीवरूनही काढलं नाही. काढलं असतं तर एका दिवसात संपलं असतं. बाईंनी एवढंच केलं: दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी त्या लाकडी कपाटासमोर खुर्ची घेऊन बसू लागल्या. त्यांनी पहिल्या कप्प्यातलं पहिलं कार्ड काढलं आणि विचारलं, "हे खरं?"

"हो," काका म्हणाले.

"हे?"

"हो."

रोज दीड-दोनशे कार्डं. आवाजात राग नाही, काही नाही. शंका आली की त्या सापांच्या जपून ठेवलेल्या जुन्या काती मागायच्या आणि भिंग लावून खवले मोजायच्या. तीन हजारांतलं एकही दुसरं खोटं निघालं नाही. पण प्रत्येकाचं उत्तर काकांना द्यावंच लागलं. मोत्यासारख्या अक्षराची ती कार्डं समोरून जात होती आणि ती आपलीच आहेत असं काकांना वाटेनासं झालं होतं.

पिल्लाला फ्रीझरमध्ये घालायचं कुणी बोललं नाही. बाईंनी ते काकांच्या हवाली केलं. ते आपणहून खात नव्हतं. काका चिमट्याने माशाचा तांदळाएवढा तुकडा त्याच्या तोंडात सरकवायचे, ते गिळायचं, बऱ्याचदा बाहेर टाकायचं. काकांनी कात्री खिशातून काढली होती, पण खूण कापली नाही. कुणापासून वेगळं ओळखायचं होतं त्याला? तळ्यातलं ते शेवटचंच होतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ते पाण्याच्या वाटीशेजारी उताणं पडलेलं होतं.

काकांनी कोरं कार्ड घेतलं. जन्मतारीख लिहिली, आईबाप लिहिले, या वेळी पाहुण्याच्या खऱ्या कुळासकट. मग लिहिलं: मेला. कार्ड घेऊन ते बाईंच्या टेबलापाशी गेले. बाई शेवटच्या कप्प्यावर आल्या होत्या. त्यांनी हातातली कार्डं बाजूला ठेवली, हे वाचलं. विचारलं काहीच नाही. पण त्यांची नजर कार्डावरून उठून काकांच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली.

काकांना कळलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, जिथे इतकी वर्षं कात्री असायची तिथून एक काड्यापेटी काढली, टेबलावर ठेवली आणि बोटाने उघडली.

"या वेळी खरंच मेलाय, बाई," ते म्हणाले. "बघून घ्या."

आणि बाईंनी वाकून बघितलं.